आठ जोडी कोपरांसाठी एक टेबल

काचेच्या डायनिंग टेबलावर एकदा पोकरचा डाव मांडून बघा. वाटलेला पत्ता काचेला असा बसतो की नखाने टोकरल्याशिवाय उचलता येत नाही, आणि टोकरताना हमखास उलटतो. त्याआधी, वाटणाऱ्याच्या हातातून सुटून पत्ता खाली येत असतानाच, काचेत त्याचं तोंड दिसतं. तुम्हाला चौकट राणी आली हे शेजाऱ्याला तुमच्याआधी कळतं. चिपा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, टाकल्या की खणखणाट होतो, आणि रात्री साडेअकरानंतर खालच्या मजल्यावरून फोन येतो.

आपल्याकडच्या घरगुती डावांना ही अडचण कधी आली नाही. रमी, मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, सगळे पत्ते हातात धरून खेळायचे. त्यामुळे त्यांना सतरंजी चालते, गच्ची चालते, गाडीत चौघांच्या मांडीवर आडवी ठेवलेली ब्रीफकेससुद्धा चालते. टेक्सास होल्डेम या आम्ही खेळतो त्या पोकरच्या प्रकारात मात्र प्रत्येकाचे दोनच पत्ते, आणि ते डावभर समोर पालथे पडलेले असतात. तळव्याचा आडोसा करून त्यांचं टोक जरासं उचलायचं, बघायचं आणि सोडून द्यायचं. मध्ये सगळ्यांचे मिळून पाच पत्ते उघडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. म्हणजे हा खेळ हातात कमी आणि टेबलावर जास्त चालतो. टेबल वाईट असेल तर खेळ वाईट होतो, हे मला पटायला बरीच वर्षं लागली आणि मित्रांना पटवायला त्याहून जास्त.

आम्ही आठ जण, बहुतेक कॉलेजपासूनचे. महिन्यातून एका शनिवारी जमतो. पैसे लावत नाही. सुरुवातीला एकाच्या गावाहून आणलेले चिंचोके होते, नंतर पाचशे चिपांची पेटी आली. हरणाऱ्याने पुढच्या वेळच्या मिसळीचा कट आणि पाव आणायचे, एवढीच बोली. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि आमच्यातला एक जण वकील आहे. तो पहिल्या दिवसापासून या बाबतीत कडक. दोघांना मोबाइलवर थोडे पैसे लावून खेळायची सवय होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, ते सगळं बंद पडलं, आणि ज्यांना एरवी 'या रे' म्हणून फोन करावे लागायचे तेच 'या शनिवारी कुठे' म्हणून विचारायला लागले. आठाचे कधीकधी नऊ व्हायला लागले, तेव्हा टेबलाचा विषय निघाला.

तयार टेबलं मिळतात. बाहेरून मागवलेल्या चांगल्या टेबलाची किंमत ऐकून सगळे गप्प बसले, आणि स्वस्तातलं घडीचं टॉप म्हणजे कॅरम बोर्डाएवढ्या जाडीचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबलेला तक्ता, आणि वर हिरवं फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं कापड. मी म्हटलं, करू की घरी. सुतारकामाचा मला नाद आहे, फार मोठं कौशल्य आहे असं नाही. घरातली पुस्तकांची दोन कपाटं आणि आईचं देवघर मी केलेलं आहे, आणि तिन्ही अजून उभी आहेत.

खरं पोकर टेबल मी जवळून पाहिलं होतं ते पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर. तिथे खेळण्यापेक्षा बघण्यातच वेळ गेला. फोटो काढायची परवानगी नसते, म्हणून वितेने मोजलं. कडेचा गुबगुबीत कठडा माझ्या अर्ध्या वितेहून बोटभर जास्त, म्हणजे पाच इंचांच्या आसपास. टेबलाजवळ बसलं की पोटाच्या वर, छातीच्या खाली येतो. दोन तास बसल्यावर लक्षात आलं की मी एकदाही पाठ टेकली नव्हती. सगळा भार कोपरांवर होता आणि कोपरं दुखली नव्हती. त्या टेबलाच्या लाकडाकडे माझं लक्षही गेलं नाही. लाकूड असतं आत कुठेतरी. माणसाचा संबंध येतो तो दोनच गोष्टींशी, कोपराखालच्या कठड्याशी आणि बोटांखालच्या कापडाशी. पुढे पैसे कशावर घालायचे आणि कशावर वाचवायचे याचा निर्णय मी एवढ्यावरच केला.

पहिला प्रश्न आकाराचा. आठ जणांसाठी अष्टकोन सुचतो आणि कापायलाही सोपा, सगळ्या सरळ रेषा. पण प्लायचा तक्ता आठ बाय चार फुटांचा. चार फुटांत बसणाऱ्या अष्टकोनाची एक बाजू वीस इंचही धड भरत नाही. एका माणसाला चोवीस इंच तरी पाहिजेत, नाहीतर डावखुऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याचे हाल. शिवाय आमच्यातले दोघे गेल्या दहा वर्षांत चांगलेच रुंद झालेत, आणि त्यांना हे सांगणार कोण? म्हणून लांबट आकार घेतला, मध्ये चौकोन आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं. लांबी सात फूट, रुंदी साडेतीन. घेर येतो २१६ इंच, म्हणजे आठ जणांना प्रत्येकी २७. नववा आला तरी चोवीस उरतात. कॅसिनोत याहून मोठी टेबलं असतात, पण तिथे पत्ते वाटायला मध्यभागी वेगळा माणूस बसतो. आमच्याकडे वाटणी फिरत असते. टोकाला बसलेल्याने दुसऱ्या टोकाला पत्ता पोचवायचा तर सात फुटांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

आकार ठरल्यावर बायकोने लिफ्टचं दार मोजून आणलं. आमच्या लिफ्टमध्ये साडेतीन बाय सातचं काही उभं आडवं कसंही जात नाही. मग ठरलं की काम खाली पार्किंगमध्ये करायचं आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्याने न्यायचं, तेही सुट्या भागांत. त्यामुळे वजनाचा विचार आपोआप आला. अठरा एमएम प्लायचे दोन पूर्ण थर घातले तर नुसत्या लाकडाचंच पन्नास किलोच्या जवळ जातं. म्हणून तळ बारा एमएमचा आणि वरचा थर अठराचा. वरच्या तक्त्यातून पाच इंच रुंदीची कडी कापायची, तीच कठडा होणार. आतला जो लांबोळका तुकडा सुटतो त्याच्यावर फोम आणि कापड चढवून तोच परत कडीच्या पोटात बसवायचा. एका तक्त्यात दोन्ही.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सकाळी लवकर गेलेलं बरं. अकरानंतर टेम्पो आणि हातगाड्यांच्या मधून चालता येत नाही. दुकानदाराने आधी विचारलं, "किचनला की बेडला?" पोकर टेबल म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि किचनचा प्लाय दाखवला. उकळत्या पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर इथे लागत नाही. दमट हवा सोसणारा एमआर पुरतो. पैसे तिथे वाचले. तक्ता घेताना मात्र एक करावं. तो भिंतीला टेकवून एक डोळा मिटून कडेवरून बघावं. बाकदार तक्ता नंतर कितीही ठोकला तरी सरळ होत नाही. मी चार बाजूला काढायला लावले, पाचवा घेतला. दुकानातल्या पोराने तोंड केलं, पण उचलला.

मिस्त्रींना मी देवघराच्या वेळेपासून ओळखतो. सातारकडचे आहेत, मितभाषी, आणि कुठलंही काम हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसते बघत राहतात. त्यांची मजुरी फक्त कापण्यापुरती ठरली होती, कारण जिगसॉ, म्हणजे गोल कापायची विजेची करवत, माझ्याकडे आहे पण एवढा मोठा गोल एका हातात कापायची माझी हिंमत नव्हती. कागदावरचं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"साहेब, हे टेबल हाय का होडी?"

"टेबलच आहे मिस्त्री. पत्ते खेळायला."

"मग चौकोनी का नको?"

"कोपऱ्यात माणूस बसत नाही ना."

हे त्यांना पटलं असावं, कारण पुढे आकाराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

गोल काढायला कंपास नाही, खिळा आणि पट्टी. तक्त्याच्या मधोमध लांबीत एक रेघ मारली, तिच्यावर बेचाळीस इंचांच्या अंतराने दोन खिळे. एका बारीक पट्टीला एका टोकाला भोक आणि एकवीस इंचांवर पेन्सिलीसाठी दुसरं भोक, सोळा इंचांवर तिसरं. एकवीसच्या भोकातून बाहेरचा घेर, सोळाच्या भोकातून आतला. दोरीने काढायचं मिस्त्रींनीच मोडून काढलं. दोरी ताणते, आणि ताण सगळीकडे सारखा राहत नाही. पट्टी ताणत नाही. बाहेरची रेघ दोन्ही तक्त्यांवर, आतली फक्त अठरावाल्यावर.

आतला घेर कापताना जिगसॉचं पातं सुरू करायला सहसा भोक पाडतात. मिस्त्रींनी ते भोक नेमकं रेषेवर, बारीक बिटने पाडलं, कारण आतला तुकडाही कामाचा आणि बाहेरची कडीही कामाची. टाकाऊ बाजू अशी नव्हतीच. ते कापत होते आणि मी पुढे पुढे पाठीकडून आधार देत होतो, नाहीतर शेवटच्या फुटात तुकडा स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि प्लायची साल निघते. पार्किंगमधली मुलं क्रिकेट थांबवून बघत उभी राहिली.

यानंतरचं काम दिसायला किरकोळ, पण अख्ख्या टेबलात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पात्याची फट दीड-दोन मिलिमीटर. कठड्याच्या आतल्या कडेवरून रेक्झिन खाली येणार, आतल्या तुकड्याच्या कडेवरून कापड खाली जाणार. ते दोन्ही या फटीत मावले पाहिजेत. फट कमी पडली तर तुकडा ठोकून बसवावा लागतो आणि कापडाला कडेने सुरकुत्या येतात. जास्त झाली तर पत्त्याची कड अडकते. "एक सूत ठेवा," मिस्त्री म्हणाले. इंचाचे आठ सूत. म्हणजे तीन मिलिमीटर. आतल्या तुकड्याची कड कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासत गेलो, दर हातभर अंतरावर रेक्झिनचा आणि कापडाचा एकेक चिंधीतुकडा एकावर एक धरून फटीत सरकवून बघायचा. जिथे सहज जातो आणि सोडल्यावर पडत नाही, तिथे थांबायचं. दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांत वेळ गेला. सरळ बाजू पटकन झाल्या.

कापडाचं म्हणाल तर मी खिशात प्लास्टिकच्या पत्त्यांचा कॅट घेऊनच सोफ्याच्या कापडाच्या दुकानात गेलो. ठाण मांडलं की मी त्याच्यावर पत्ता सोडायचो. मखमल पहिल्यांदाच बाद झाली. लव ज्या दिशेला तिकडे पत्ता पळतो, उलट दिशेला जागच्या जागी थांबतो. फेल्टवर पत्ता बरा सरकतो, पण उचलून बघितला तर पाठीला हिरवी कुसं. हे फेल्ट वर्षभरात गोळे धरतं. साटीनवरून पत्ता गेला तो थेट काउंटरखाली, मालकांच्या पायाशी.

"तुम्ही नक्की काय बघताय साहेब?"

"पत्ता किती लांब जातो ते."

"सोफ्यावर?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पोराला वरच्या फळीवरची ठाणं काढायला लावली आणि थोड्या वेळाने माझ्या हातातले निम्मे पत्ते घेऊन स्वतःच सोडायला लागले. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मनगटाला झटका देऊन पत्ता चपटा, फिरता सोडायचे. विचारलं तर म्हणाले, आमच्या मंडळात गणपतीच्या जागरणाला रात्रभर हेच चालायचं. शेवटी आम्ही दोघे एका पॉलिस्टर कापडावर थांबलो, सुएडसारखं दिसणारं, लव इतकी आखूड की बोटाला जाणवते पण डोळ्याला दिसत नाही. पत्ता हातभर लांब जाऊन अलगद थांबत होता, दोन्ही दिशांना सारखाच. तेवढ्यात त्यांचा चहा आला. त्यातला एक थेंब त्यांनीच चिंधीवर सोडला. थेंब मणी होऊन बसला, झटकला तर गेला. रंग बॉटल ग्रीन. लाल छान दिसत होता, पण लाल कापडावर बदाम आणि चौकट रात्री उशिरा डोळ्यांना त्रास देतात. या ठाणाचा पन्हा चोपन्न इंचांचा, माझा आतला तुकडा बत्तीस इंच रुंद. दुमडायला भरपूर उरलं.

कापडाखाली पाच एमएमची ईव्हीए शीट, म्हणजे रबरासारख्या फोमचा पातळ थर, घातली. ही नसेल तर चांगल्यातलं चांगलं कापडही फुकट. पत्त्याचं टोक उचलताना बोट जरासं खाली दाबलं जातं आणि त्या दबण्यामुळेच टोक वर येतं. कडक लाकडावर तसं होत नाही. योगा मॅट सुचवणारे बरेच भेटले. ती दोन फूट रुंद असते, जोड द्यावा लागतो, आणि तो जोड कापडातून रेघ होऊन दिसतो. शीट फेविकॉलच्या रबरी सोल्युशनने चिकटवली. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नीट टेकवायचं, कारण टेकल्यावर हलत नाही. वास डोक्यात जातो. हे काम गच्चीवर केलं. कापड मात्र वरून चिकटवलं नाही. नुसतं ताणून तुकड्याच्या पाठीमागे टॅकरने पिना मारल्या, म्हणजे उद्या खराब झालं तर पिना उपटून दुसरं.

त्याचसाठी तळात एक इंचाचं भोक पाडून ठेवलंय. आतला तुकडा स्क्रूने बसवलेला नाही, नुसता कडीत बसलाय. खालून त्या भोकात बोट घालून दाबलं की वर येतो. हे मला स्वतःला सुचलं याचा मला जरा अभिमान आहे. कठडा तळाला खालून नट-बोल्टने आवळलाय; कडीच्या पोटात आधीच टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे नट, ठोकून घ्यावे लागतात, फोम चढवल्यावर ते जमत नाही.

कठड्याचा फोम एक इंचाचा, चाळीस डेन्सिटीचा. सोफ्याला घालतात तो बत्तीसचा मऊ लागतो, पण दोन तासांत कोपर लाकडाला टेकतं. हा फोम सात फुटी सलग मिळाला नाही, म्हणून तुकडे जोडून कडीवर चिकटवले आणि जोडांना पॉलिश पेपर मारून सारखं केलं. फोम पॉलिश पेपरने घासला जातो हे मला माहीत नव्हतं, कुशनवाल्याने दाखवलं. कडेला हलका गोलवाही दिला.

रेक्झिन ताणायला चार माणसं लागतात. माझा मेहुणा, बायको, वकील मित्र आणि मी. पन्हा इथेही चोपन्न. कठड्याची बाहेरची रुंदी बेचाळीस, दोन्हीकडून फोमची जाडी, प्लायची जाडी आणि खाली दुमडायला दोन इंच धरले तरी पन्नासच्या आसपास बसतं, त्यामुळे पूर्ण कडी एकाच सलग तुकड्यात मढवता आली, कुठेही शिवण नाही. रेक्झिन उलटं अंथरलं, त्याच्यावर कडी फोम खाली करून ठेवली. मधला भाग पाच इंच सोडून कापून काढला, मग उरलेल्या पट्टीला अर्धवर्तुळात दर दीड इंचाला काप दिले, लाकडाच्या कडेपासून अर्धा इंच अलीकडेच थांबून. आत ओढून आधी आतल्या कडेला पिना मारल्या. बाहेरची कड नंतर, आणि तीही ओळीने नाही. एक पिन या बाजूला, एक बरोबर समोर, मग उरलेल्या दोन बाजू, मग त्यांच्या मधे. ओळीने मारत गेलं तर सगळा ढिलेपणा शेवटच्या फुटात जमा होतो.

सरळ बाजूंना काही त्रास नाही. अर्धवर्तुळात बाहेरच्या कडेला रेक्झिन जास्त होतं आणि ते कुठेतरी जाणारच. मेहुण्याने हेअर ड्रायर धरला, बायको आणि वकील दोघांनी मिळून ओढलं, मी पिना मारल्या. गरम रेक्झिन चांगलं अर्धा इंच ताणतं. उरलेलं बारीक बारीक चुण्या करून खालच्या बाजूला वळवलं, म्हणजे समोरून दिसत नाही. जिथे दिसतंय तिथे मी बसतो.

मध्येच वकिलाने प्रस्ताव मांडला की कठड्यात स्टीलचे कप होल्डर बसवू, विकत मिळणाऱ्या सगळ्या टेबलांना असतात. मी ठाम नाही म्हटलं. ते होल्डर मोठ्या बाटल्यांसाठी आणि कॅनसाठी केलेले. आपला कटिंग चहाचा ग्लास त्यात तळाशी जाऊन बसतो आणि बाहेर काढताना दोन बोटं भाजतात. शिवाय फोम आणि रेक्झिनला आठ भोकं पाडायची म्हणजे पुढे तिथूनच फाटायला सुरुवात. त्याऐवजी दोन माणसांच्या मधे एक बुटकं स्टूल ठेवतो. चहा, पाणी, बाकरवडी सगळं टेबलाच्या खालच्या पातळीवर. सांडलं तर फरशीवर सांडतं. कठड्याखाली एलईडीची पट्टी लावायचाही आग्रह झाला. त्याला मी उत्तरच दिलं नाही.

पाय फॅब्रिकेटरकडून करून घेतले, एक इंची चौकोनी पाइपची चौकट आणि तिला घडीचे पाय. मंडपवाल्यांच्या टेबलांना असतात तसेच, फक्त जाड. बारा एमएमचा तळ सात फुटांत मध्ये लोंबेल ही भीती त्या चौकटीने गेली. उंची कठड्याच्या माथ्यापर्यंत तीस इंच धरली, कारण आमच्या खुर्च्या वेगवेगळ्या आहेत, चार डायनिंगच्या, दोन प्लास्टिकच्या, दोन शेजारच्यांच्या. सगळा खर्च पंधरा हजारांच्या आसपास गेला, मिस्त्रींची मजुरी आणि टेम्पो धरून, आणि आठ जणांत वाटला. वकिलाने पावती मागितली.

जिन्यातून आणताना कठडा सगळ्यात त्रासदायक. वजन नाही, पण वळणावर तो उभा करून फिरवावा लागतो आणि जिन्याच्या कठड्याला घासला तर संपलं. जुन्या चादरीत गुंडाळून आणला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, "काय, पाळणा का?"

आईचं मत सुरुवातीपासून एकच होतं, घरात जुगाराचा अड्डा नको. वकिलाने तिला १८८७ चा कायदा समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्यामुळे तिचा संशय वाढला. टेबल जोडून झाल्यावर ती येऊन कठड्यावरून हात फिरवून गेली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या भिशीच्या तिघी आल्या होत्या. घरात आलो तर चौघी एका टोकाला बसून रमी खेळत होत्या, आणि सात फुटांचं उरलेलं टेबल शेंगदाण्याच्या टरफलांना दिलेलं होतं. रमीला टेबल लागत नाही हा माझा मुद्दा मी तिथे मांडला नाही.

पहिल्या शनिवारी डाव सुरू झाला आणि सगळ्यात आधी जाणवला तो आवाज, म्हणजे आवाज नसणं. चिपांचा ढीग मध्ये ढकलला तर नुसती घसट ऐकू येते. वाटलेले पत्ते टोकापर्यंत जातात; ज्याला मनगट जमत नाही त्याचे दोन फूट अलीकडे थांबतात, मग मधले लोक पुढे सरकवतात. एक जण नेहमी दर तासाला पाठ धरून उठायचा, तो या वेळी मध्यरात्रीपर्यंत उठला नाही. त्यामुळे डाव लांबतात ही बायकोची तक्रार मात्र खरी आहे.

काही गोष्टी अजून मनासारख्या नाहीत. घडी केल्यावर टेबल बेडरूममध्ये कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत आडवं उभं राहतं, आणि त्याच्यामागचा प्लग सापडत नाही. पहिला पावसाळा अजून यायचाय. प्लाय उभा टेकवलेला असला की ओल धरून बाक येतो, म्हणून भिंतीला टेकवायच्या ऐवजी दोन लाकडी ठोकळ्यांवर सरळ उभं करायला लागलोय. चिवडा खाऊन पत्त्यांना हात लावणाऱ्यांवर दंड बसवलाय, पाच चिपा. वसुली होत नाही. आणि सोसायटीच्या मंडळाच्या पोरांनी गणपतीतल्या जागरणासाठी टेबल आतापासून मागून ठेवलंय. नाही म्हणता आलं नाही. त्याच ठाणातलं अडीच मीटर कापड जाऊन घेऊन आलो, कारण दुकानदार म्हणाले की पुढच्या लॉटला हाच हिरवा येईल याची हमी नाही.